अस्वलाच्या मानेतलं वीतभर कातडं

"आबा, काचेला हात लावू नका. इथं चालत न्हाय," माझी लेक सुमन दबक्या आवाजात म्हणाली.

मी हात लावत नव्हतो. काचेबाहेरनं आतल्या गव्याच्या मानेचं माप घेत होतो, वितीनं.

जर्मनीत लेकीकडं गेलतो. तिच्या शहरात मेलेल्या जनावरांचं जुनं म्युझियम आहे, ते दाखवायला तिनं नेलं. माझा जन्म त्याच कामात गेला. कोल्हापुरातल्या एका संग्रहालयात मी चाळीस वर्षं जनावरं उभी केली. लोक म्हणतात, पेंढा भरणारा. पण नुसता पेंढा भरून जनावर होत नसतं. आधी लाकूड आणि तारेचा सांगाडा. त्यावर काथ्या आणि प्लास्टरनं अंग घडवायचं. मग कातडं चढवून शिवायचं. शाळा चौथीपर्यंत झाली, पण हातातलं काम कधी कुणाला विचारून केलं न्हाय.

तर तो गवा. मान वर काढून उभा, बेंदराच्या मिरवणुकीतल्या बैलागत. राधानगरीच्या जंगलात मी गवा वीस पावलांवरनं बघितलाय. तो डोकं पाठीच्या रेषेखाली धरतो.

"सुमे, सांग त्यांना, मुंडकं चुकलंय."

"आबा, तुमी पावणं म्हणून आलाय, तपासणीला न्हाय."

"तू सांग की!"

शेवटी तिनं तिथल्या बाईंना सांगितलं. बाईंनी फोन केला. आतनं एक कारागीर आला. पिकल्या मिशा, अंगावर एप्रन, वय माझ्याएवढंच. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

सुमननं मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, तुमचं बरोबर हाय. हा गवा त्यांच्या आज्याच्या काळातला. करणाऱ्यानं जिवंत गवा कधी बघितलाच नव्हता."

"बघ!" मी म्हणालो. छाती फुगलीच जरा.

मग तो मला स्वतःचं काम दाखवायला पलीकडच्या दालनात घेऊन गेला. पांढरं अस्वल होतं. चार पायांवर. डोकं लहान, आणि मान ही एवढी लांब, पुढं काढलेली.

मी वितीनं त्या मानेचं माप घेतलं.

आमच्या संग्रहालयातही एक पांढरं अस्वल आहे. कुणी तरी परदेशातनं आणलेलं. तीस वर्षांमागं त्याला कसर लागली, आतला सगळा भराव बसला. नवं अंग घडवायचं काम माझ्याकडं आलं. तेव्हाच्या साहेबांनी चित्रांचं पुस्तक पुढं केलं. मी म्हणालो, "साहेब, अस्वल मला चित्रात दावू नका. दरवेशाचं अस्वल आमच्या दारात नाचलंय." आणि तसंच उभं केलं. दोन पायांवर, मान आखूड, हात पुढं. मानेपाशी वीतभर कातडं उरलं. ते आत दुमडून असं शिवलं की टाका कुणाला सापडला न्हाय. त्या टाक्याचा मला फार अभिमान.

"सुमे, त्यांना इचार, मानेला कातडं उरलं न्हवतं?"

कारागीर बुचकळ्यात पडला. सुमन म्हणाली, "ते इचारत्यात, उरंल कशाला?"

"काय न्हाय. चल घरी."

"आबा, अजून मासे बघायचे हायेत की!"

"मासे ऱ्हाऊ दे."

कोल्हापूरला आल्यावर दुसऱ्या दिवशी संग्रहालयात गेलो. आता तिथं एक तरुण मॅडम आहेत. म्हणालो, "मॅडम, अस्वल उसवू द्या. मान परत घडवतो."

त्यांनी कातडं बोटानं चाचपलं. "बाबा, आता ते वाळून कागद झालंय. टाका काढला तर फाटेल."

मीही चाचपलं. खरंच होतं. माझी चूक माझ्याच टाक्यानं पक्की झाली होती.

"मग पाटी लावा. मान चुकली म्हणून."

"लावू की. करणाऱ्यानं हा प्राणी जिवंत पाहिला नव्हता, असं लिहू."

तीच सबब. दुसऱ्याच्या गव्याला ती ऐकून माझी छाती फुगली होती. "न्हाय मॅडम. बघितला न्हवता म्हणून चुकलो न्हाय. कातडं सांगत हुतं, ऐकलं न्हाय. आणि खाली माझं नाव टाका."

"नाव कशाला, बाबा?"

"चांगल्या कामाखाली टाकलं असतं का न्हाय? मग हितंबी टाका."

पाटी लागली. माझ्या चाळीस वर्षांच्या कामात माझं नाव तेवढ्या एकाच जनावराखाली आहे.

नव्या कारागिरांनी एवढंच ध्यानात ठेवावं. कातडं उरलं तर सुई खाली ठेवायची आणि माप परत घ्यायचं. टाका चांगला येत असेल, तर दोनदा घ्यायचं.