झोळीची गाठ

हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून मी आजवर किती झोळ्या बांधल्या असतील, देव जाणे. मांजरपाटाचा चौकोन तिरका कापला की दोन त्रिकोणी पट्ट्या होतात. एक घ्यायची, दुखऱ्या हाताखालून सरकवायची, दोन टोकं मानेच्या बाजूला आणून सपाट गाठ मारायची. आंब्यावरून पडलेले, दुचाकीवरून घसरलेले, सगळे माझ्यापुढे मुकाट मान वाकवतात. नाही वाकवली तर मी ओरडते. वॉर्डात माझा आवाज प्रसिद्ध आहे.

आचऱ्याला घरी मात्र एका माणसापुढे माझं काही चालेना. ते माझे सासरे. होडी वर ओढताना पाय घसरून पडले आणि गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं. आमच्या घरात सासरे सुनेशी थेट बोलत नाहीत, ही जुनी रीत. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्याकडून यायचे. त्या गेल्यावर सासरे मांजराशी बोलू लागले. "मी धक्क्यार जातंय, जेवाक उशीर जातलो," असं मांजराला सांगून ते निघायचे आणि ताट मी झाकून ठेवायचे. नवरा गोव्यात नोकरीला, शनिवारी येणार. एरवी घरात मी, ते आणि मांजर.

दवाखान्यात डॉक्टरांनी झोळी नीट बांधून दिली होती. दुसऱ्या दिवशी आंघोळीला ती सोडली आणि सासऱ्यांनी दाराआड, एका हाताने, दातांत टोक धरून स्वतःच परत बांधली. गाठ जाळ्याची, ओली झाली की आवळणारी, आणि तीही बरोबर मानेच्या मणक्यावर. झोळी एवढी लांब की पंजा थेट मांडीवर, कारण मांडीवर विणायला घेतलेलं फाटकं जाळं होतं. हात लोंबला की सूज बोटांत उतरते, हे मी मांजराला परत परत सांगून पाहिलं. मीही शेवटी त्याच घरची. मांजराने ऐकलं, सासऱ्यांनी नाही.

आठवडा सरायच्या आत बोटं वांग्यांसारखी झाली. एका सकाळी जाळं विणायची सुई त्यांच्या हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. ती बोटं अशीच आखडली तर या माणसाचं जाळं सुटणार होतं, आणि जाळं सुटलं तर त्यांनी दिवसभर करायचं काय? मला रागच आला. मी कात्री घेऊन पडवीत गेले, पण सासऱ्यांच्या गळ्याशी हात न्यायचा धीर होईना. वॉर्डातला आवाज कुठे गेला कळेना.

त्यांनीच जाळं बाजूला सारलं, स्टुलावर येऊन बसले आणि मान खाली घातली. मांजर समोरच होतं, त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"बांध गो चेडवा, तुझ्या रीतीन."

मला मुलगी म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, पहिल्यांदा. गाठ कापताना माझे डोळे भरून आले. बरं झालं, त्यांची मान खाली होती. मानेवर लाल वळ उठला होता. पंजा कोपरापेक्षा जरा वर घेतला, बोटांची टोकं दिसतील अशी ठेवली आणि गाठ मानेच्या बाजूच्या खळग्यात बसवली.

त्यानंतर रोज आंघोळ झाली की ते पट्टीची घडी घेऊन स्टुलावर येऊन बसत. मी बांधेपर्यंत बोलत राहत. बांगडा कुठे लागला, सासूबाई नवी नवरी असताना दर्याला कशा घाबरायच्या, असं काहीबाही. सूज उतरली, बोटं सुईवर आली. मग डॉक्टरांनी सांगितलं, हाड सांधलं, आता झोळी काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा स्टुलावर, मांडीवर पट्टीची घडी. मी म्हटलं, आता हिची गरज नाही, खांदा मोकळा ठेवायचा. त्यांनी घडी उलटीसुलटी केली.

"ता माका कळता गो. पण उद्यापासून मी हयसर कित्या बसतलंय?"

इथे कशासाठी बसायचं, एवढंच ते विचारत होते. मग मी वॉर्डातल्या आवाजात सांगितलं, "खांदो आखाडलो आसा तुमचो. रोज सकाळी हयसरच बसाचा. हात मी फिरवून दितंय."

खांदा तेवढा आखडलेला नव्हता.