आधी आपला रॅम्प

वापीला आमच्या मुलीचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, हवा चांगली आहे, जावई तर देवमाणूस. तरीही तिथे जायची वेळ आली की आमचे हे भिंतीकडे तोंड करून पडून राहत. अर्धांगवायूने यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं एक-दोन शब्दांवर आलं, त्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात आमच्या घरात पाणी शिरलं. पलंगावरची गादी खालून भिजली, आणि मला एकटीला यांना उचलता येईना. शेजारी धावून आले म्हणून निभावलं. सकाळी मुलगी गाडी घेऊन हजर झाली. "बाबा, दोनच दिवस," असं म्हणून घेऊन गेली. ते दोन दिवस दिवाळीनंतर संपले. तेव्हापासून जून उजाडला की वापी, असं कोणी न ठरवताच ठरून गेलं.

एका वर्षी होळीनंतर मी ठरवलं की आता पुरे. हा पावसाळा हे आपल्या घरात, आपल्या खिडकीशी बसून काढतील. कसे, ते मला ठाऊक नव्हतं. पण मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलंय. कसं ते ठाऊक नसताना कामाला लागणं हीच आमची नोकरी होती.

आमचं घर मसोलीत. गल्लीच्या वरच्या अंगाला चिकूच्या वाड्या, खालच्या अंगाला नाला, आणि नाला पुढे खाडीला मिळतो. माझं माहेर समुद्रकाठच्या नरपडचं, त्यामुळे भरती-ओहोटी मला कोणी शिकवायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण येतं, खाडी तुडुंब होते, आणि त्याच वेळी वरून पाऊस कोसळत असेल तर नाल्याचं पाणी पुढे जायचं सोडून मागे फिरतं. म्हणजे गल्लीतलं पाणी भरतीच्या आत निघून गेलं तर गेलं, नाहीतर ते आपल्याकडे मुक्कामाला. एवढं साधं गणित आहे. ते सगळ्यांना कळतं आणि तरी दर वर्षी सगळ्यांचं चुकतं.

त्याच सुमाराला नगरपालिकेने पुराचा आराखडा करायला घेतला आणि गल्लीगल्लीत बैठका लावल्या. आमच्या बैठकीला इंजिनीअर बाई आल्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, सोलापूरकडच्या. "आमच्याकडं पाणी नाही म्हणून मीटिंगा होतात, इथं पाणी आहे म्हणून," असं म्हणून त्यांनी आधी सगळ्यांना हसवलं. मग विचारलं की पाणी कुठून येतं. उत्तरं ऐकण्यासारखी होती. कोणी म्हणे वाड्यांतून, कोणी म्हणे हायवेमुळे, एक जण तर कारणं शोधत पार हायवेवरच्या चारोटीपर्यंत जाऊन आला. आपल्या दारातून येतं असं मात्र कोणी म्हणेना. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपण बघूया की. भर उन्हात एक टँकर गल्लीच्या तोंडाशी ओतू, आणि पाण्याबरोबर चालत जाऊ."

मे महिन्यात रस्त्यावर टँकर ओतायचा म्हटल्यावर बायका खवळल्या. प्यायला पाणी नाही आणि हे काय चाललंय? शेवटी एका वाडीतल्या मचूळ विहिरीचं पाणी घ्यायचं ठरलं, जे झाडंही नाखुशीने पितात. तेव्हा कुठे सगळे गप्प झाले.

इथे रॅम्पबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे घर झालं की फाटकासमोर गटारावर काँक्रीटचा उतार टाकतात, स्कूटर आणि गाडी चढायला. खालून पाणी जावं म्हणून त्यात पाइप घालायचा असतो. हा पाइप विकत कोणी आणत नाही. वाडीतल्या मोटरीचा नाहीतर बोअरचा उरलेला तुकडा परसात पडलेला असतोच. मिस्त्री विचारतो केवढा टाकू, मालक म्हणतो सापडेल तो टाक. त्यामुळे एका रॅम्पखाली मनगटाएवढा पाइप, दुसऱ्याखाली मांडीएवढा, आणि तिसऱ्याखाली पाइप आहे अशी फक्त समजूत. त्यात चिकूची पानं आणि नारळाच्या शेंड्या जाऊन बसतात. शिवाय पावसाळ्यात पाणी फाटकातून आत आलं की पुढच्या उन्हाळ्यात माणूस आपला रॅम्प वीतभर उंच करतो. ते बघून शेजारी हातभर करतो. पाणी अडतं ते दुसऱ्याच्या रॅम्पमुळे, आपला तेवढा गुणाचा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

त्या दिवशी मी यांना व्हीलचेअरवरून आमच्या रॅम्पवर आणून बसवलं. ही यांची रोजची जागा. संध्याकाळी इथे बसून हे गल्ली बघत, आणि समोरचे शेठ आपली खुर्ची आणून शेजारी टाकत. शेठ एकटेच बोलत, हे मान हलवत. दोघांचं उत्तम जमायचं.

टँकरचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी गटारातून सरसर निघालं, त्याच्याबरोबर बाई, बाईंच्या मागे अख्खी गल्ली. पहिल्या रॅम्पखालून गेलं, दुसऱ्या रॅम्पखालून जरा कुरकुरत गेलं, आणि आमच्या रॅम्पशी येऊन थांबलं. थांबलं म्हणजे अगदी पाहुण्यासारखं दारात उभं राहिलं. मग फुगलं, मागे सरकलं, आणि गटाराच्या काठावरून रस्त्यावर आलं. खालच्या बाजूला पाइपातून नळाच्या धारेएवढं पाणी पडत होतं.

आमचा रॅम्प गल्लीत सगळ्यांत लांब. व्हीलचेअरला उतार सावकाश लागतो म्हणून जावयाच्या मिस्त्रीने तो तसा केला होता, आम्ही दोघं इस्पितळात असताना. महिनाभर मी दारोदार फिरून गटाराचं महत्त्व सांगत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आता सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला भयंकर राग आला होता, पाण्याचा, मिस्त्रीचा, बाईंचाही. मी म्हणाले, "हा रॅम्प शौकाचा नाही. हा तुटला तर यांनी बाहेर कसं यायचं? आधी बाकीचे तोडा, मग बघू."

यांनी डावा हात उचलून चाकावर दोनदा आपटला आणि म्हणाले, "आधी... आपला."

मी म्हटलं, "अहो, मग बसायचं कुठे?"

"आपला," हे पुन्हा म्हणाले. जन्मभर रेल्वेत काढलेला माणूस. पुढची गाडी अडली की मागच्या सगळ्या अडतात, हे यांना शब्दांशिवायही सांगता येत होतं. मी यांना आत घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री बोलावला.

रॅम्प फुटताना मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. पण त्याचा एक फायदा झाला. आता मी कोणाच्याही फाटकात उभी राहू शकत होते. आमच्या दारातला उघडा खड्डा दाखवायचा आणि म्हणायचं, बोला. एकेक रॅम्प फुटत गेला. त्याच्या जागी उचलता येतील अशा लोखंडी जाळ्या टाकायच्या ठरल्या. चारोटी नाक्यावरच्या वेल्डरला काम दिलं. तो म्हणाला पावसाच्या आत देतो. कुठल्या वर्षीच्या पावसाच्या, ते आम्ही विचारायला हवं होतं. तोवर सगळ्यांनी फळ्या टाकल्या, आणि फळीवरून व्हीलचेअर काही जात नाही. हे घरातच अडकले.

अडून बसले ते शेठ. त्यांच्या रॅम्पला चांगल्या लादीचं काम. "बेन, हा छोकरीच्या लग्नात बांधला. तिची गाडी इथून उतरली. याच्यावर घण मारायला मला सांगू नका हां." मी सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोलाही धरला. शेठ जागचे हलेनात. संध्याकाळी ते सवयीने खुर्ची घेऊन बाहेर येत, समोर आमचा खड्डा आणि खिडकीच्या गजांमागे हे. दोन-चार दिवस शेठ तसेच एकटे बसले. मग एकदा गाठियांची पुडी घेऊन फळीवरून तोल सांभाळत आमच्याकडे आले आणि यांच्या पलंगाशी बसून खूप वेळ दुकानाच्या गोष्टी सांगत राहिले. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या मिस्त्रीला सांगा, उद्या माझ्याकडे." मी लगेच चहा टाकला. अबोला तिथेच संपला.

आराखड्याचा आणखी एक भाग होता, आणि तो माझ्या हट्टाने झाला. पाणी घरात आल्यावर धावाधाव करायची नाही. पाऊस थांबत नसेल आणि उधाणाची वेळ असेल, तर ज्यांना चालता येत नाही त्यांना भरती चढायच्या आत शाळेच्या वरच्या मजल्यावर न्यायचं. गल्लीत पाणी असो नसो. कोणी कोणाला उचलायचं तेही ठरलं. गल्लीत असे दोघे, एक आमचे हे आणि दुसऱ्या टोकाच्या घरातली म्हातारी. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. यांनाही मी घरी येऊन सांगितलं, यांनीही मान हलवली. नियम दुसऱ्यासाठी असतो तेव्हा तो फार पटतो.

जून लागला. मुलीचा फोन आला, मी म्हटलं या वर्षी नाही. ती रागावली, रडली, म्हणाली, "आई, तू बाबांच्या जिवाशी खेळतेस." मी ऐकून घेतलं. तिचं चुकत नव्हतं. त्या फोननंतर माझं मन सतत आभाळाकडे लागलेलं असायचं.

श्रावणातल्या अमावास्येला पाऊस पहाटे सुरू झाला तो सकाळ झाली तरी दम घेईना. मी खिडकी उघडली. गटार दुथडी भरून वाहत होतं. हो, वाहत होतं, आमच्या दारावरून सरळ नाल्याकडे. हे उशीला टेकून बघत होते, आणि यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू होतं. "बघ," म्हणाले. "वाहतंय." तेवढ्यात शेठ आणि आणखी तिघे भिजत दारात आले. भरतीला अजून अवकाश होता, पण पाऊस थांबत नव्हता. नियमाप्रमाणे निघायला हवं होतं.

"नाही," हे म्हणाले.

मी म्हटलं, "शाळा दोन गल्ल्या पलीकडे आहे. संध्याकाळी घरी."

"नाही. वापी." असं म्हणून यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेव्हा मला कळलं की एकदा या दारातून उचलून नेलं की परत कधी आणतील याचा यांना भरवसाच उरला नव्हता. दोन दिवस म्हणून नेलेल्या माणसाला मी काय वचन देणार? मला वाटलं, राहू दे. घर कोरडं आहे, गटार वाहतंय, ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते समोर आहे. मी तोंड उघडणार तोच टोकाच्या घरातली सून छत्री सांभाळत आली. म्हणाली, "बाई, आमची सासू उठत नाही. विचारतेय, बाईंचे साहेब गेले का? ते नाही गेले तर मीपण नाही जायची."

मी यांच्या पलंगावर बसले आणि म्हटलं, "ऐकलंत? नियम मी केला. तुमच्यासाठी तो वेगळा करता येणार नाही मला. तुम्ही रागावलात तरी चालेल."

यांनी मान वळवली, पण माझ्याकडे नाही, शेठकडे. विचारलं, "संध्याकाळी?"

शेठ म्हणाले, "मी उचलून आणणार ना. बेनने नाही म्हटलं तरी आणणार."

लाकडी खुर्चीत बसवून, वर प्लॅस्टिक धरून, चौघांनी यांना फळीवरून पलीकडे नेलं. मागोमाग म्हातारीची खुर्ची निघाली. शाळेत वरच्या वर्गात दोघांना खिडकीशी बसवलं. दुपारी खाडी चढली, नाला मागे फिरला, गल्लीत घोट्याच्या वर पाणी आलं आणि आमच्या पायरीला लागलं. त्या खिडकीतून आमचं दार दिसत होतं, आणि मी पायरीवरून नजर हलवत नव्हते. पायरीवर ते काही वेळ तसंच राहिलं. भरती उतरू लागली तसं नाल्याने ओढून घ्यायला सुरुवात केली. रस्त्याची खडी दिसू लागली तेव्हा सगळ्या वर्गाने एकदम बोलायला सुरुवात केली.

दिवेलागणीच्या आधी शेठनी खुर्चीला हात घातला. घरात फरशी कोरडी होती. यांना पलंगावर ठेवलं, अंग पुसलं, कोरडा सदरा घातला, आणि फोन वाजला. मुलगी होती. बातम्या बघून घाबरली होती. म्हणाली, "आई, गाडी घेऊन निघतेय मी, बाबांना तयार ठेव."

मी काही बोलायच्या आत यांनी डावा हात पुढे केला. मी फोन यांच्या कानाशी धरला. मुलगी पलीकडून बोलतच होती. हे तिचं बोलणं संपेपर्यंत थांबले, आणि मग सावकाश, एकेक शब्द नीट उचलत म्हणाले, "जाऊन... आलो."