आणि दुसरी पसंती?

मिलिंद गायकवाड गेला हे मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला जाणारी आमची बस सुटायच्या बेतात होती, माझ्या शेजारची त्याची जागा रिकामी होती, आणि आज साहेबांची झोप लांबलेली दिसते म्हणून चार खोचक शब्द ऐकवायला मी फोन लावला. फोन सुजातावहिनींनी उचलला. "भाऊजी, ते झोपेतच गेले," एवढंच त्या बोलल्या... ड्रायव्हरला सांगून मी खाली उतरलो आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

त्याला आता काही आठवडे झाले. वहिनींचं इथलं राहणं त्याच्या नोकरीच्या पासवर, म्हणजे परवान्यावर होतं, त्यामुळे तो गेला तसा त्यांचा पासही संपत आला. पुण्याला सासरी जा, नागपूरला भावाकडे जा, मुलीची, आभाची शाळा तिकडेच बघा, असे सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. मीही त्या रांगेत होतोच. वहिनी सगळ्यांना चहा देत आणि "बघते" म्हणत.

सिंगापूरला येण्याआधी मिलिंद आयर्लंडच्या एका खेडवळ काउंटीत औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. माणूस आयर्लंडहून आला तर हिरवळ, समुद्र, ढग यांच्याबद्दल बोलेल. हा बोलायचा तिथल्या काउंटी कौन्सिलबद्दल. बसमध्ये त्याचं आयर्लंडपुराण सुरू झालं की मी डोळे मिटून घ्यायचो, पण कान काही मिटता येत नाहीत. तिथे गेल्या गेल्या एक म्हातारा उमेदवार चिखलाचे बूट दाराबाहेर काढून घरात आला आणि मत मागू लागला. मिलिंद म्हणाला, अहो, मी भारतीय आहे. त्यावर तो म्हणाला, "राहतोस इथेच ना? मग रस्त्यातले खड्डे तुझेही आहेत." कौन्सिलच्या मतदानाला तिथे नागरिकत्व लागत नाही, राहणं पुरतं. हे सांगताना मिलिंदचा आवाज दरवेळी जड व्हायचा. त्याची आजी मतदानाच्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून, वस्तीतल्या बायकांना गोळा करून निघायची, अशा घरातला तो. पुढे नोकरीपायी गाव सुटलं, आणि इथे तर आपण सगळी पासवरची, मत नसलेली माणसं.

"म्हणजे आपली जिल्हा परिषदच की," मी त्याला चिडवायला म्हणायचो. खरंच बरंच तसं आहे. अध्यक्ष सदस्यच आपल्यातून निवडतात, फक्त एका वर्षापुरता. तो गळ्यात मानाची साखळी घालून मिरवतो आणि पुढच्या वर्षी ती दुसऱ्याच्या गळ्यात पडते. रोजचा कारभार नेमलेला मुख्य अधिकारी बघतो, अंदाजपत्रक आणि विकास आराखडा सदस्यांच्या हातात. "पण आपल्याकडे एका गटातून एकच निवडून येतो, बाकीच्यांची मतं मातीत," मिलिंद म्हणायचा. तिथे एकेका भागातून पाच-सात जण निवडायचे असतात, आणि मतदार नावांपुढे एक, दोन, तीन असे पसंतीचे आकडे घालतो. सगळ्यात मागे राहिलेला बाद झाला की त्याची मतं त्यांच्यावरच्या पुढच्या पसंतीला जातात. एखाद्या क्रीडागृहात ही मोजणी दिवसदिवस चालते, आणि हा पठ्ठ्या रजा टाकून ती बघत बसला होता.

ते खूळ तो इथेही घेऊन आला. आमच्या छोट्याशा मराठी मंडळात अध्यक्ष कोण यावरून पुणेकर आणि मुंबईकरांचं फाटलं, तेव्हा त्याने सगळ्यांना पसंतीचे आकडे घालायला लावले आणि स्वतःही उभा राहिला. पहिल्या मोजणीत तो सगळ्यांच्या पुढे होता. मी खुशीत चिठ्ठ्या आवरायला लागलो. "अजून अर्ध्याच्या वर कोणी गेलेलं नाही. मोज पुढे," तो म्हणाला. एकेक जण बाद होत गेला आणि शेवटी मेघना परांजपे निवडून आली, कारण जवळजवळ सगळ्यांची दुसरी पसंती तीच होती. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास, असं मी त्याला सुनावलं. "अरे, रागावून कोणी घरी गेलं का?" त्याने विचारलं. कोणीच गेलं नव्हतं. सगळे जेवायला थांबले होते, आणि सगळ्यांना वाढत हाच फिरत होता.

रविवारी आमची दोन्ही घरं सेरंगूनच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांवर जेवायची. रांगेत उभं राहण्याआधी तो प्रत्येकाला विचारायचा, "काय आणू?" आणि लगेच, "आणि दुसरी पसंती?" उशीर झाला की तिथले पदार्थ संपतात, म्हणून विचारलेलं बरं, हे त्याचं कारण. आभा कातावून इथल्या इंग्रजीत म्हणायची, "बाबा, जस्ट ऑर्डर लाह." मी दुसरी पसंती म्हणून दरवेळी "उपास" सांगायचो. तो मान डोलवून रांगेत जाऊन उभा राहायचा. मला त्याची फार आठवण येते, आणि का कोण जाणे, ती त्या रांगेतल्या पाठमोऱ्या मिलिंदची येते.

गेल्या रविवारी वहिनींनी आपणहून फोन करून आम्हाला तिथेच बोलावलं. नेहमीचं टेबल मिळालं, पण कोणी उठेना. शेवटी आभा उठली. "काका, व्हॉट यू वॉन्ट?" मी चिकन राइस म्हणालो. "अँड सेकंड?" उपास हा शब्द ओठांवर आला आणि तिथेच राहिला. "फिशबॉल नूडल्स," मी म्हणालो. मग ती आईकडे वळली.

"माझी पहिली पसंती तुझ्या बाबांबरोबर म्हातारं व्हायची होती," वहिनी म्हणाल्या. "ती बाद झाली. दुसरी मला कोणी विचारलीच नाही. पाया लेबार भागातल्या एका ऑफिसने मला नोकरी देऊ केलीय. ते माझ्या नावाने पास मागणार आहेत. तुझी शाळा संपेपर्यंत आपण इथेच राहू."

मी खाली टेबलाकडे बघत राहिलो.

"अँड इफ दे रिजेक्ट?" आभाने विचारलं.

"मग तिसरी. नागपूर. तेही मी ठरवून ठेवलंय."

"ओके," आभा म्हणाली. "पण आई, खायला काय आणू?"

वहिनी हसल्या, तो गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि त्यांनी दोन पदार्थांची नावं सांगितली.