पत्कींच्या छताचे सात अर्ज

ओल कशी एका कोपऱ्यात सुरू होते आणि बघता बघता भिंतभर होते, तसंच आमच्या बिल्डिंगच्या किश्श्यांचं झालंय. एक सांगायला घ्यावा तर त्याच्यामागे चार तयार असतात. आणि सगळे एकाच छताचे, वरच्या मजल्यावरच्या पत्कींच्या.

पत्कीभाऊ तीन वर्षांपासून अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. नेमकं त्यांच्याच खोलीत प्लास्टर पडायला लागलं. पहिलं ढेकूळ उशीपाशी पडलं, तेव्हा वहिनींनी पलंग खिडकीकडे सरकवला. तिथलं पडलं, म्हणून दाराकडे. असं करत करत खोलीचे तीन कोपरे संपले. भाऊंना बोलता येत नाही, पण ते दिवसभर वर बघत असायचे. 

बिल्डिंग जुन्या सरकारी योजनेतली. आमच्या या हिंदी मुलखात मोठ्या दुरुस्तीला पार्षदाचं, म्हणजे तुमच्याकडच्या नगरसेवकाचं, शिफारसपत्र लागतं. मी हिंदीची रिटायर्ड मास्तरीण, त्यामुळे अर्ज लिहिण्याचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

*

पहिला अर्ज घेऊन मी आणि वहिनी पार्षदजींच्या ऑफिसात गेलो. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, मग खुर्चीत बसून परत वाचला. मला वाटलं, झालं काम.

"मैडम, भाषा तो कमाल की है. छब्बीस जनवरी का हमारा भाषण लिख देंगी?"

आणि मी लिहून दिलं! पुढे पंधरा ऑगस्टचंही दिलं. दोन्ही वेळा भरपूर टाळ्या पडल्या. 'हर सिर पर पक्की छत' हे वाक्य त्यात मीच घातलं होतं.

*

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सगळा वॉर्ड ज्यांना पार्षदजी म्हणतो, ते पार्षद नाहीतच. वॉर्ड महिलांसाठी राखीव, निवडून आल्या त्यांच्या पत्नी. पोस्टरवर यांचा फोटो दाराएवढा, आणि बाईंचा खाली कोपऱ्यात, डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढलेला. मत आम्ही त्यांनाच दिलं, पण चेहरा आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मलासुद्धा नाही. आता आठवलं की लाज वाटते.

तर तिसऱ्या अर्जाच्या वेळी वहिनींची कॉलेजात जाणारी मुलगी ऋचा सोबत होती. ती म्हणाली, "अंकल, इस पर मैडम की साइन चाहिए."

"हाँ हाँ, क्यों नहीं," म्हणत त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि आमच्या डोळ्यांदेखत बायकोच्या नावाची झोकदार सही ठोकली. वर 'प्राप्त हुआ'चा शिक्काही मारला; शिफारसपत्र मात्र 'अगले हफ्ते'.

मी थक्क. जिन्यात ऋचा म्हणाली, "मावशी, असं कसं करू शकतात ते? मतलब, सामने बैठकर?"

"गप्प बस," मी म्हटलं, "आधी काम होऊ दे." चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी, हे म्हणाले.

*

पाचव्या अर्जानंतर निरोप आला, पार्षदजी स्वतः छत बघायला येणार. तळमजल्यावरचे मोरेकाका, फौजेतून रिटायर झालेले, कडाडले, "पाहुणा येणार आणि घर असं ठेवणार?"

झालं. पाटणकर बाजारातून पुट्टी आली, डिस्टेंपर आलं. काका स्वतः शिडीवर चढले, भेगा बुजवल्या, दोन हात मारले. आम्ही खाली उभं राहून कुठं डाग राहिलाय ते दाखवत होतो. एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

पार्षदजी आले, पोहे खाल्ले आणि मान वर केली.

"भाभीजी, ये तो एकदम चकाचक है."

 संध्याकाळी मोबाईलवर त्यांचा फोटो फिरला, त्याच छताखाली, भाऊंच्या पलंगाला हात लावून. खाली लिहिलेलं, 'वार्डवासी की समस्या का निराकरण'. तिसऱ्या दिवशी ते चकाचक प्लास्टर भाऊंच्या पायावर पडलं. मोरेकाका त्या दिवशी जेवले नाहीत.

*

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या घरी होतं. समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाई एका पाहुणीला घेऊन आल्या. "हमारी सहेली हैं," एवढंच सांगितलं. पाहुणी डोक्यावर पदर घेऊन भिंतीशी बसली, तिळगूळ हातातच धरून.

वहिनी वाण घेत होत्या, तेवढ्यात वरून धप्पकन आवाज आला. मागोमाग ऋचाची हाक, "आई, चौथा कोपरा!"

सगळ्या वर धावलो. भाऊंच्या कानापासून वीतभर अंतरावर परातीएवढा तुकडा पडला होता. चेहरा पांढराफटक, धुळीने, आणि डोळे टक्क उघडे. वहिनी त्यांचं तोंड पदराने पुसत राहिल्या. 

ती पाहुणीही आमच्यामागून वर आली होती. छताकडे बघत हळूच म्हणाली, "आप लोगों ने पार्षद को नहीं बताया?"

वहिनींचा बांध फुटला. "दो साल से बता रहे हैं. सात बार लिखकर दिया है."

ऋचाने फाईल आणून तिच्या हातात दिली. बाई एकेक कागद उलटत गेल्या. तिसऱ्या अर्जापासून प्रत्येकाखाली तीच झोकदार सही. त्या नावावर त्यांनी बोट ठेवलं, आणि बराच वेळ ते उचललं नाही.

"मुझे तो किसी ने नहीं बताया," त्या म्हणाल्या.

 डॉक्टरीणबाई खाली बघत होत्या. बाईंनी डोक्यावरचा पदर मागे सरकवला आणि ऋचाकडे वळल्या.

"बेटा, पेन है?"