बिअरला कांद्याचा वास

आठ खुर्च्या आणि त्यांतली भरलेली फक्त एक. तीत मी. आमचं बिअर चाखणारं पॅनल त्या दिवशी एवढंच होतं.

रांजणगावजवळ आमची छोटी ब्रुअरी आहे. मी तिथे ब्रुअर आहे, म्हणजे बिअर बनवण्यापासून ती चाखून पास करण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. दौंडला सासुरवाडीत मात्र मी ‘फूड प्रोसेसिंगमध्ये’ आहे. सासरे पाहुण्यांना तसंच सांगतात आणि मीही मान डोलावतो.

पॅनल ओस पडलं ते श्रावणामुळे. बाकीचे सातही जण श्रावण कडक पाळतात. दारू नाही, मटण नाही, कांदा-लसूणही नाही. त्यांतला पॅकिंग सुपरवायझर बाळासाहेब, कवठे येमाईचा, माझा सगळ्यात भरवशाचा माणूस. त्याला मी गाठलं.

“एकच घोट घे रे. गिळू नकोस, थुंकून टाक.”

“थुंकायची म्हंजी आधी तोंडात घ्यायचीच ना, साहेब? न्हाई जमणार.”

“मग टाकीचं काय करू?”

“तुमी हायेत की. तुमाला कुठं श्रावण हाय!”

हे त्याने कौतुकाने म्हटलं नव्हतं. मला मात्र ते कौतुकच वाटलं.

टाकीत आयपीए होती, म्हणजे हॉप्स भरपूर घातलेली बिअर. हॉप्स ही एका वेलीची फुलं. बिअरचा कडूपणा त्यांचा आणि वासही बराचसा त्यांचाच. आमच्याकडच्या जुन्या हॉप्सचा साठा संपत आला होता, म्हणून एक टाकी जुन्या लॉटची आणि एक नव्या लॉटची केली होती. पुण्यातल्या एका पबमालकाची अट साफ होती. नव्या टाकीची चव आधीसारखीच लागली तर तो माल उचलणार, नाहीतर दुसरीकडे जाणार. आमचा सगळ्यात मोठा क्लायंट तोच. श्रावण संपेपर्यंत थांबायची सोय नव्हती, कारण हॉप्सचा वास ठेवून ठेवून उडून जातो.

अशा वेळी तीन ग्लासांची टेस्ट घेतात. आम्ही दोन ग्लास जुन्या टाकीचे आणि एक नवीचा ठेवतो. वेगळा कोणता ते ओळखायचं. लोकांना ओळखता आलं नाही तर दोन्ही बिअर सारख्या. ग्लास भरायचं काम लॅबमधल्या नसरीनचं. ती शिरूरची, बिअरला ओठही लावत नाही. कोणत्या ग्लासात काय आहे ते तिलाच माहीत असतं.

पहिला ग्लास हुंगला. संत्र्याची साल, थोडी कैरी. छान. दुसरा हुंगला आणि मी ताठ बसलो. कांदा! हॉप्स वेलीवर जास्त पिकले तर बिअरला कांद्याचा वास येतो, हे पुस्तकात दिलेलं आहे. पुस्तकातलं काही प्रत्यक्षात भेटलं की मला फार आनंद होतो. त्या आनंदात मी नसरीनला काही न विचारता थेट प्लांट हेड मॅडमना फोन लावला.

“मॅडम, नव्या लॉटमध्ये कांदा आहे.”

“कांदा? बिअरमध्ये?”

“ओव्हरराइप हॉप्स. टिपिकल केस. टाकी ओतून द्यावी लागेल.”

“अख्खी टाकी? खात्री आहे?”

“शंभर टक्के.”

“मग संध्याकाळी क्लायंटला कळवून टाकते.”

मी फोन ठेवला. नसरीन हळूच म्हणाली, “सर, तो ग्लास जुन्या टाकीचा होता.”

“परत भर.”

तिने जागा बदलून परत भरले. या वेळी कांदा तिसऱ्या ग्लासात आला. तोही जुन्याच टाकीचा निघाला. मग पुन्हा. आता कांदा पहिल्यात. एक तर जुनी बिअरही वाईट होती आणि ती मीच आजवर पास करत आलो होतो, नाहीतर माझं नाक कामातून गेलं होतं. दोन्हीत जाणारी नोकरी माझीच होती.

तेवढ्यात बाळासाहेब लेबलचं विचारायला आला आणि दारातच थांबला.

“हितं कांदा कुणी खाल्लाय?”

नसरीनने माझ्याकडे पाहिलं. मी ग्लासाकडे.

घरी बायको श्रावण पाळते, त्यामुळे घरात कांदा बंद. म्हणून सकाळी कामावर येताना मी फाट्यावर मिसळ खाल्ली होती. वरून बशीभर कच्चा कांदा मागून घेतला होता, जणू महिन्याचा कोटा त्याच दिवशी संपवायचा होता. ज्या ग्लासावर मी जास्त वेळ तोंड धरायचो, त्यात कांदा उतरायचा. पॅनलच्या दिवशी कांदा खाऊ नये, ही पाटी दारावर मीच लावली आहे. ती मोडणाऱ्यांना मी घरीही पाठवलं आहे.

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मॅडमना फोन केला.

“मॅडम, क्लायंटला सांगू नका. कांदा बिअरमध्ये नाही.”

“मग कुठे आहे?”

“माझ्यात.”

मग त्या म्हणाल्या, “तुम्ही चाखू नका. माणसं शोधा.”

माणसं कुठून आणणार? मी हे मोठ्याने बोललो असणार, कारण लोडिंगवरचा राजेश, बिहारचा, म्हणाला, “साहब, हमारा सावन तो पूर्णिमा को ही ख़तम हो गया.” त्यांचा श्रावण आपल्याआधी पंधरवडा लागतो आणि पौर्णिमेला संपतो. आपल्याकडची नारळी पौर्णिमा तर होऊन गेली होती. इतकी वर्षं त्यांच्यासोबत काम करून मला हे ठाऊक नव्हतं.

शिफ्ट सुटल्यावर राजेश आणि त्याच्या गावाकडची मंडळी खुर्च्यांवर बसली. नसरीनने ग्लास मांडले. कुणी पहिला वेगळा म्हणालं, कुणी तिसरा, आणि पुढच्या फेरीत सगळ्यांनी आपापलं मत बदललं. राजेश म्हणाला, “सब एक ही है, साहब. कड़वा.” कांद्याचं नाव कुणी घेतलं नाही. दोन्ही बिअर सारख्या ठरल्या, माल पुण्याला गेला आणि पबमालकाने तो मुकाट्याने ठेवून घेतला.

माझा धडा एवढाच, की बिअरमध्ये काही भलतं सापडलं तर आधी सकाळचा नाश्ता आठवावा. मॅडमचा मात्र माझ्या आठवणीवर विश्वास नाही. त्यामुळे हल्ली पॅनल बसण्याआधी बाळासाहेब माझ्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो, “साहेब, हाऽऽ करा.” मी तोंड उघडतो. तो वास घेतो, मान डोलावतो, आणि मगच मला बसायला मिळतं.