हट्टाशिवाय दोन नाताळ

नाताळची सुट्टी संपवून शाळेत परतले की स्टाफरूममध्ये माझ्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा असते. एक, करंज्यांचा डबा आणि दुसरी, आमच्या घरचा यंदाचा किस्सा. डबा पहिल्या तासाच्या आधीच रिकामा होतो. किस्से मात्र संपत नाहीत. आमच्या माळ्यावर नाताळात टांगायच्या जुन्या, फाटक्या कागदी स्टारची थप्पी साठलीये ना, तसंच आहे ते. दरवर्षी ‘यंदा टाकून देऊ’ म्हणायचं आणि आणखी एक वर चढवायचा!

मी गणिताची बाई. गोष्ट सांगायचं अंग मला नाही. पण घरात मुलं असली की गोष्टी आपल्या आपण घडतात, आपण फक्त त्यातून तगून राहायचं.

आम्ही विश्रांतवाडीला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. घरात माणसं पाच. मी, नवरा सुधीर, सासूबाई, मुलगा आशिष आणि कावेरी. कावेरीचं सांगायचंय खरं, पण आधी सासूबाई माहीत हव्यात.

*

आमच्याकडे नाताळचा केक घरच्या ओव्हनमध्ये होत नाही. पीठ घरी फेटायचं, डब्यात ओतायचं, वर नावाची चिठ्ठी लावायची आणि कोपऱ्यावरच्या बेकरीत नेऊन द्यायचं. तिथल्या भट्टीत गल्लीतल्या सगळ्या घरांचे केक एकदम भाजून निघतात. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासूनची ही पद्धत आहे.

एका वर्षी आशिषनं बेकरीत, उत्साहाच्या भरात सगळ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढून ‘नीट’ लावल्या. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. संध्याकाळी सुधीर डबा घेऊन आला. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, सावकाश चावला.

“हा आपला केक नाही,” त्या म्हणाल्या.

“कशावरून?” मी विचारलं.

“चांगला झालाय.”

*

त्याच वर्षी कॅम्पात स्टार घ्यायला गेलो होतो. आशिषला दुकानातला सगळ्यात मोठा, अकरा टोकांचा स्टार हवा होता. आमच्या गॅलरीत तो मावलाच नसता. मी नाही म्हटलं. झालं! गर्दीच्या रस्त्यात तो आडवा झाला. हातपाय झाडतोय, रडतोय, येणारे-जाणारे वळसा घालून चाललेत.

सुधीर म्हणाला, “आपण चालायला लागू. येईल मागनं.”

आम्ही दहा पावलं गेलो. मागून रडणं थांबलं आणि स्वच्छ आवाजात प्रश्न आला, “उठलो तर घेणार का?”

त्या रात्रीच्या प्रार्थनेत मी म्हटलं, देवा, एक तरी नाताळ असा जाऊ दे की या घरात कुणी हट्ट करणार नाही. मागताना माणसानं जरा जपून मागावं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

*

कावेरी आमच्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. दत्तक घ्यायचं आम्ही फार आधी ठरवलं होतं. कागदपत्रं, चौकशा, वाट बघणं, सगळं रीतसर झालं आणि एका ऑक्टोबरात बालगृहातून आम्ही तिला घरी आणलं. आशिष तेव्हा अकरा वर्षांचा. त्यानं आपल्या कपाटाचे दोन खण रिकामे करून ठेवले होते. तिनं त्यातला एकच वापरला, तोही अर्धा.

मला ती आधी ‘मॅडम’ म्हणायची. शाळेत मॅडम, घरी मॅडम! आठवड्यानं सांगितलं तशी ‘आई’ म्हणायला लागली. सांगितलेलं ती सगळंच ऐकायची. पोळी वाढली की ‘थँक्यू’. पाणी दिलं की ‘थँक्यू’. पंखा लावला तरी ‘थँक्यू’. मोलकरीण सुट्टीवर गेली तेव्हा ही सहा वर्षांची पोर न सांगता केरसुणी घेऊन उभी.

डिसेंबरात कॅरल गाणारी मंडळी घरोघरी फिरतात. त्या वर्षी आमच्याकडे संध्याकाळी सात वाजताच आली. वीसेक माणसं, गिटार, ढोलकी. दार उघडल्याबरोबर कावेरी पळत जाऊन भिंतीला लागून उभी राहिली. एकटीच. हात जोडले, मान सरळ केली आणि मोठ्या आवाजात स्वागतगीत म्हणायला लागली. पूर्ण म्हटलं. मग म्हणाली, “थँक्यू अंकल, थँक्यू आंटी, पुन्हा या.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “किती गोड!” कुणीतरी म्हणालं.

मला काही ते गोड वाटलं नाही. नाताळ आला की पाहुणे येतात, आपण रांगेत उभं राहायचं, गायचं आणि आभार मानायचे, एवढंच त्या लेकराला नाताळबद्दल माहीत होतं. मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि गॅससमोर उभी राहून रडले.

*

नाताळच्या दिवशी तिला बाहुली दिली. आशिषनं स्वतः निवडलेली, लांब केसांची. तिनं बाहुली छातीशी धरली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली. सुधीरनं फोटो काढला. मोबाइल खाली गेल्याबरोबर तिनं बाहुली माझ्या हातात दिली.

“अगं, तुझी आहे ती. खेळ ना.”

“फोटो झाला ना,” ती समजावून सांगावं तसं म्हणाली, “आता कपाटात ठेवतात.”

सुधीर तिथून उठून गॅलरीत गेला. बराच वेळ स्टारची वायर नीट करत होता. वायरला काही झालं नव्हतं.

*

दिवाळीत शेजारपाजारच्यांचा फराळ आमच्याकडे येतो, नाताळात आमचा त्यांच्याकडे जातो. ताटं पोचवायचं काम मुलांचं. तळमजल्यावरच्या लेलेकाकूंकडे कावेरी सासूबाईंबरोबर गेली होती. परत आल्यावर सासूबाईंनी सांगितलेलं हे.

काकूंनी ताट घेतलं, कावेरीकडे बघितलं आणि तिच्यासमोरच विचारलं, “ही किती दिवस आहे तुमच्याकडे?”

सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही किती दिवस आहात?”

“म्हणजे? आमचा फ्लॅट आहे इथं!”

“तिचाही आहे,” सासूबाई म्हणाल्या. “ताट सावकाश द्या, घाई नाही.”

ऐकून आम्ही हसलो. पण काकूंचा प्रश्न त्या पोरीनं ऐकला होता ना! झोपायच्या आधी तिनं हळूच आशिषला विचारलं, “दादा, नाताळ संपला की मला कधी नेऊन सोडणार?” आशिष घाबरून माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी बालगृहात फोन केला तेव्हा कळलं, चार वर्षांची असताना एका कुटुंबानं तिला सणापुरतं घरी नेलं होतं. आठ दिवस लाड केले, नवे कपडे घातले आणि परत आणून सोडलं. वाईट माणसं नव्हती हो ती. सुट्टीत मुलांना घरचं वारं मिळावं म्हणून असं नेतात. पण चार वर्षांच्या मुलीला सुट्टी म्हणजे काय ते कोण सांगणार?

मी तिला जवळ घेऊन म्हटलं, “कावेरी, तू कुठंही जाणार नाहीस. हे तुझं घर आहे. कायमचं.”

“हो,” ती म्हणाली. “थँक्यू.”

त्या दिवशी मला कळलं, हिचा विश्वास बसलेला नाही आणि तो बोलून बसणारही नाही. पाहुणी म्हणून आलेलं माणूस हट्ट करत नाही. हट्ट आपल्या घरी करतात. बाकीच्या आया मुलांचे हट्ट सुटावेत म्हणून प्रार्थना करतात. मी उलटं मागायला लागले. देवा, या पोरीला एकदा तरी हट्ट करू दे.

*

देव काही लगेच ऐकत नाही. दुसरा नाताळ आला. लक्ष्मी रोडला फ्रॉक घ्यायला गेलो. दुकानदारानं ढीग मांडला. कुठलाही दाखवा, हिचं उत्तर एकच, “चालेल.” लाल? चालेल. निळा? चालेल. शेवटी मी मुद्दाम एक भयानक, पिवळाजर्द, पिसं लावलेला उचलला.

“हा घेऊ?”

“चालेल.”

दुकानदार कौतुकानं म्हणाला, “ताई, पुण्यात इतकी गुणी मुलगी नाही बघितली हो! नशीबवान आहात!”

मी पिवळा खाली ठेवला आणि निळा बांधायला सांगितला. त्याचा काय दोष?

*

आशिषनं मग आपल्या परीनं एक उपाय काढला. मला न विचारता. नाताळच्या दुपारी कावेरीच्या बशीतला केक त्यानं तिच्या डोळ्यांदेखत उचलला आणि सगळा खाल्ला. वर म्हणाला, “खाल्ला तुझा. काय करशील?”

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. कावेरीनं रिकाम्या बशीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. उठली, करंज्यांचा डबा आणला आणि त्याच्यासमोर ठेवला. “अजून भूक आहे का, दादा?”

तो आत आला. बारा वर्षांचं घोडं ते, पण ओठ थरथरत होते.

“आई, ही भांडतच नाही गं.”

*

दरवर्षी नाताळ झाला की लोणी काळभोरला सुधीरच्या मामांकडे फराळ द्यायला जातो. मामांची शेती आहे, उसाची. ते मुलांना बांधावरून फिरवतात, ऊस मोडून देतात. त्या वर्षी आशिष पळत पुढं गेला आणि कावेरी मामांनी दिलेलं कांडं हातात धरून, खाऊ का म्हणून माझ्याकडे बघत उभी राहिली.

मामांना मी सगळं सांगितलं. माझी तक्रारच होती ती, दुसरं काय! वर्ष उलटून गेलं, मामा, आणि पोर अजून परक्यासारखी वागते.

मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. “रोप उपटून दुसरीकडं लावलं की मान टाकतंय,” ते म्हणाले. “त्याला रोज उपटून बघायचं नसतं, मूळ धरलं का म्हनून. पानी घालायचं आन् गप बसायचं. पोर गुनाची हाय. रुळंल.”

मी गप्प बसायला शिकले. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं, ते स्टाफरूमला विचारा.

*

आणि आता परवाचा नाताळ. यंदा माझी नणंद स्नेहल नाशिकहून आली होती, चार वर्षांच्या इवाला घेऊन. सासूबाईंची एकुलती एक लेक आणि लाडकी नात. घर भरलं होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. गव्हाणीचा देखावा आठ दिवस आधी मांडतात. मरिया, योसेफ, मेंढरं, सगळी असतात, पण बाळ नसतं. नाताळच्या सकाळी, चर्चला उपासनेसाठी निघायच्या आधी, बाळ येशू गव्हाणीत ठेवायचा. तो मान घरातल्या सगळ्यात लहान मुलाचा. मातीचं बोटभर बाळ आहे, नाक उडालेलं. वर्षभर सासूबाई ते कापसात गुंडाळून बांगड्यांच्या डबीत ठेवतात. आधीची दोन वर्षं ते कावेरीनं ठेवलं होतं. श्वास रोखून, परीक्षा दिल्यासारखं.

सगळे तयार होऊन हॉलमध्ये जमलो. सासूबाईंनी डबी उघडली आणि सवयीनं बाळ कावेरीच्या हातावर ठेवलं.

“आई, यंदा इवा नाही का लहान?” स्नेहल म्हणाली. “नियम म्हणजे नियम!”

इवानं लगेच हात पुढं केला. “मला! मला!”

सगळ्यांनी कावेरीकडे बघितलं. “कावेरी शहाणी आहे,” स्नेहल लाडानं म्हणाली, “ती देईल हं इवाला.”

देणारच होती. मलाही शंका नव्हती. तिच्या पाठीवरून फिरवायला मी हातसुद्धा उचलला होता.

कावेरीनं मूठ मिटली.

“नाही.”

“अगं, एवढंसं तर आहे. दे ना बेटा.”

“नाही देणार!”

“कावेरी, इवा छोटी आहे ना तुझ्यापेक्षा?” सुधीर म्हणाला. शहाणपणा शिकवायला हीच वेळ मिळाली त्याला!

तिनं मूठ पाठीमागं नेली. चेहरा लालबुंद झाला. आणि नव्या फ्रॉकसकट ती फरशीवर बसली, पाय ताणून, आणि भोकाड पसरलं. असं भोकाड, की तळमजल्यावर लेलेकाकूंनी सुद्धा ऐकलं असणार.

“हे माझं काम आहे! माझं! ती पाहुणी आहे! ती परवा जाणार आहे नाशिकला! मी इथंच राहते!”

इवा घाबरून रडायला लागली. स्नेहलचा चेहरा उतरला. आशिष माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता.

“वहिनी,” स्नेहल म्हणाली, “अगं, बोल ना काहीतरी हिला! किती हा हट्ट!”

साडेआठची उपासना, सव्वाआठ वाजलेले, दोन पोरी रडतायत, आणि मी भिंतीला टेकून नुसती उभी.

सासूबाईंनी घड्याळ बघितलं. बांगड्यांची डबी बंद केली. खांद्यावरची शाल सारखी केली आणि खाली वाकून, गुडघे दुखत असताना, कावेरीशेजारी फरशीवर बसल्या. मग आपल्या पोटच्या लेकीकडे मान वर करून म्हणाल्या,

“स्नेहल, इवाला घेऊन गाडीत बस. पाहुण्यांनी पुढं व्हा. आम्ही घरातले येतो सावकाश.”