टाकीत कोण उतरणार

मॅडमनी गोमूत्र आणायला मलाच पाठवलं.

वसुबारसेची संध्याकाळ होती. बारामती-इंदापूर रस्त्याला जनावरांवर संशोधन करणारं एक केंद्र आहे. तिथल्या गोठ्यात मी कामाला होते. केंद्राचे प्रमुख, म्हणजे आमचे सर, त्यांच्या पत्नी, म्हणजे मॅडम, दरवर्षी गाय-वासराची पूजा करायला यायच्या. नऊवारी, नथ, चांदीचं ताट. गाय मात्र अनोळखी माणसाला बिचकणारी. मॅडम पुढं झाल्या तशी ती लाथा झाडायला लागली. मग मला हाक मारली. मी दावं धरलं, मानेखाली खाजवलं, ती शांत झाली. तिचं वासरू अडलं होतं तेव्हा कोपरापर्यंत हात घालून मीच ते बाहेर ओढलं होतं. ती मला ओळखत होती. त्या गडबडीत माझी ओढणी ताटाला लागली.

मॅडमचा हात तिथंच थांबला. त्यांनी सरांकडं बघितलं. सरांनी मोबाइलकडं बघितलं.

"जरा गोमूत्र आण गं," त्या म्हणाल्या.

मी गेले. ते गोमूत्र पहाटे गाईखाली बादली धरून मीच गोळा करायची. गाळायची मी, कॅनमध्ये भरायची मी. कॅनवरच्या चिठ्ठीवर अक्षर माझं. तो कॅन मी आणून दिला आणि मॅडमनी तो माझ्याच हातातून घेतला. ते चाललं. आधी ताटावर शिंपडलं, मग माझ्या ओढणीवर, मग थोडं माझ्या तोंडावर. माझ्या हातचं गोमूत्र माझाच विटाळ काढत होतं आणि त्यात गंमत वाटणारी तिथं मी एकटीच होते.

"मनावर घेऊ नकोस," सर नंतर म्हणाले. "बायकांचं असतं काहीतरी."

मी हसले. नोकरी कंत्राटी होती. हसायला लागायचं.

माझं शिक्षण शेती पदविकेचं. कागदावर मी संशोधन सहायक. कुठल्या गाईला कुठला चारा दिला की किती शेण पडतं, त्यातून किती गॅस होतो, उरलेल्या शेणाच्या रबडीचं खत कसं करायचं, हे आमचं संशोधन. कामाला घेतलं तेव्हा सरांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं. शेळगाव म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे किसनची पोरगी का?" किसन म्हणजे माझे वडील, आबा. पंचक्रोशीत जनावर मेलं की ओढून न्यायला आमच्याच घरी निरोप यायचा. आजाच्या वेळी यायचा, आबांच्या वेळीही आला. केंद्रात जनावर मेलं तरी आबांनाच बोलवायचे. सर खूश झाले. माझ्याबरोबरची मुलं प्रयोगशाळेत बसली. मला शेण मिळालं. घरचं वळण आहे, सर म्हणाले. शेणाला मी नाक मुरडलं नाही कधी. पण ते मला का मिळालं हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

पूजा उरकल्यावर हार, नारळाच्या शेंड्या, उसाची हिरवी वाढी, गाईच्या पाठीवर घातलेला खण असं सगळं पाटीभर निर्माल्य उरलं. मॅडम म्हणाल्या, "कुठंही टाकू नका. पायदळी येतं. त्या गोबरगॅसच्या टाकीत सोडा, गोमातेचंच शेण आहे, पवित्र आहे."

"सर, पाइप तुंबेल," मी म्हणाले.

"एवढ्यानं काय होतंय," सर म्हणाले.

सोडलं.

दिवाळी झाली आणि कँटीनच्या शेगडीची ज्योत बसत चालली. आधी पिवळी झाली, मग फडफडायला लागली, मग गेली. शेण टाकीत जायचं बंद झालं. आम्ही लांब बांबूनं ढोसून बघितलं. बांबू आत जायचा आणि मऊ कशात तरी अडकायचा. टाकी जमिनीखाली. वर नुसता सिमेंटचा घुमट आणि त्याला एक झाकण. त्या घुमटाजवळ गेलं की पायाखाली काहीतरी हळूहळू उकळतंय असं वाटायचं. कान लावला तर डबडब आवाज यायचा. केंद्रावरची कुत्री दुपारी त्या सावलीला पडायची, ती तिथं फिरकेनाशी झाली. मला ते बरं वाटलं नाही. कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं.

मग मांजर मेलं.

टाकीतून रबडी बाहेर येते तिथं एक खोल खड्डा आहे. उंदरामागं मांजर त्यात उतरलं असावं. सकाळी बघितलं तर कोरड्या कडेला निजल्यासारखं पडलेलं. रबडीत बुडालेलं नव्हतं. अंगावर ओरखडा नव्हता. डोळे उघडे. मला माहीत होतं ते कशानं मेलं. सरांनीच शिकवलं होतं. शेतकऱ्यांची सहल आली की सर टाकीजवळ उभे राहून सांगायचे, आतल्या गॅसला सडक्या अंड्याचा वास येतो. वास येतोय तोवर ठीक. वास यायचा बंद झाला म्हणजे गॅस गेला असं समजू नका, आपलं नाक गेलं असं समजा. मग माणूस हाकही मारू शकत नाही. शेतकरी मान हलवायचे. शेजारी लाल अक्षरांचा बोर्ड होता, 'आत उतरू नये'. तो मजकूर सरांचाच.

दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुणे येणार होते. त्यांना शेणावर पेटलेली शेगडी दाखवायची होती. टाकी उपसणारा टँकर मागवला होता, पण तो परवाच्या आधी मिळणार नव्हता. सर खड्ड्यापाशी आले. मांजराकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तुझ्या वडिलांना बोलाव," म्हणाले. "मांजर उचलतील. आणि येतायतच तर टाकीत उतरून पाइप मोकळा करतील."

"सर, आत गॅस आहे."

"झाकण उघडं टाकू तासभर. जाईल."

"बोर्डावर तुम्हीच लिहिलंय."

"बोर्ड लोकांसाठी असतो," सर म्हणाले. मग आवाज उतरवून, समजूत काढल्यासारखं म्हणाले, "तुमच्या लोकांना सवय असते गं. पिढ्यानपिढ्यांची. तुमची छाती वेगळी असते."

आवाजात राग नव्हता. रागानं बोलले असते तर मी विसरले असते.

मी फोन केला नाही. मोबाइल खिशात घालून चारा मोजायला निघून गेले. वाटलं, टळलं. दुपारी बघते तर आबा फाटकातून आत येताहेत. एसटीनं आले होते. खांद्यावर दोर, अंगात धुतलेला सदरा.

"तुमाला कुणी बोलावलं?" मी विचारलं.

"सायबानं. सोता फोन केला." आबांचं तोंड उजळलं होतं. "किसनराव म्हनला. राव लावून. इतक्या वर्सांत कवा म्हनला व्हता?"

एका 'राव'वर माझा बाप मरायला निघाला होता.

"आबा, टाकीत उतरू नका. आत इखारी वायू हाय. मांजर मेलंय त्यानं."

"मांजर आन् मानूस येक हाय व्हय?"

"एकच हाय. श्वास दोगांनाबी लागतो."

"लई शिकलीस," आबा म्हणाले आणि चालू लागले.

टाकीचं झाकण सरकवलेलं होतं. बांबूची शिडी आत सोडलेली. चार-दोन कामगार लांब, वारा येतो त्या बाजूला उभे होते. वाऱ्याच्या बाजूला का उभं राहायचं हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असणार. सर त्यांच्याही मागं होते. आबांनी सदरा काढला, घडी घातली, दगडावर ठेवला. तोंडाला टॉवेल गुंडाळला. कमरेला दोर बांधला. मी भोकापाशी गेले. वास आला, सडक्या अंड्याचा. अगदी जोरात. आणखी वाकले आणि वास कमी झाला. मग आलाच नाही.

मी मागं सरले. डोकं भणभणत होतं. आबांचा एक पाय शिडीवर होता.

मी शिडी धरून ओढली. आबा मागं आपटले. शिडी बाहेर काढली, लोटून दिली आणि झाकण दोन्ही हातांनी रेटत भोकावर आणलं. जड होतं. कुणी हात लावला नाही. बसलं जागेवर तशी मी त्याच्यावर उभी राहिले.

"हे काय चाललंय?" सर ओरडले.

"सर, तुम्ही उतरा," मी म्हणाले. "दोर मी धरते."

कामगार सरांकडं बघायला लागले.

"कुणाशी बोलतेस कळतंय का?"

"कळतंय. उतरा. झाकण तासभर उघडं होतं ना."

सर उतरले नाहीत. एक पाऊल पुढं आले नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि तिथं मला सगळं दिसलं. त्यांना माहीत होतं. मांजराकडं बघताना माहीत होतं, फोन करताना माहीत होतं, 'राव' लावताना तर पक्कंच माहीत होतं. इतकी वर्षं मी समजत होते की ही माणसं आमच्याबाबत अडाणी आहेत, शिकतील हळूहळू. अडाणी कुणीच नव्हतं. गोमूत्र शिंपडलं त्याच दिवशी मला हे कळायला हवं होतं. ज्यांच्या हातचं चालतं पण जे चालत नाहीत, त्यांनाच टाकीत उतरवता येतं.

"माफी माग सायबांची," आबा म्हणाले. ते उठून बसले होते. कोपर फुटलं होतं.

"न्हाय मागनार."

"पाया पडतो पोरी."

"पडा. मी हितनं हलनार न्हाय."

सरांनी फोन लावला. ठेकेदाराचा ट्रॅक्टर आला, लासुर्ण्याकडच्या तळावरचे दोन ऊसतोड मजूर घेऊन. मराठवाड्यातले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं कशाला आणलंय ते. माझा बाप वाचला की मी बाजूला होईन, असं सरांना वाटलं असावं. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं. मग त्यातला थोरला पुढं आला. आबांच्याच वयाचा. तो सदऱ्याची बटणं काढायला लागला.

मी त्याला खड्ड्यापाशी नेलं. जाताना आबांना म्हणाले, झाकणावर बसा. का कोण जाणे, बसले. मांजर अजून तिथंच होतं. त्या माणसानं बघितलं. वळून बोर्डाकडं बघितलं.

"काय लिवलंय?" त्यानं विचारलं.

मी वाचून दाखवलं. तो बटणं लावत ट्रॅक्टरकडं गेला. "आमाला ऊस तोडाया आनलंय," ठेकेदाराला एवढंच म्हणाला.

पाहुणे आले. शेगडी पेटली. भिंतीमागं घरगुती सिलिंडर ठेवून नळी जोडली होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, सर ज्योतीकडं हात करून उभे होते. टँकर त्यानंतर आला. नळीतून नारळाच्या शेंड्या आल्या, सुतळीला चिकटलेले झेंडू आले आणि शेवटी मॅडमचा खण आला. महिन्याअखेर माझं कंत्राट संपलं ते परत झालं नाही. आबा बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. साहेबापुढं इज्जत घालवली म्हणतात. अजूनही म्हणतात. त्यांचं चुकतंय असं सांगून उपयोग नाही, त्यांना आयुष्यात एकदाच कुणी राव म्हटलं होतं.

आता आमच्या भागात गोठ्यागोठ्यात तशा टाक्या होताहेत. इंदापूरपासून मोरगावपर्यंत. घुमट तेच, झाकण तेच, बोर्डही तेच. तुंबल्या की माणूस लागतो. फोन येतात. आबांचा मोबाइल मी माझ्याकडं ठेवलाय.

परवाच एक आला. बागायतदाराचा.

"किसनराव हायत का? टाकीत जरा उतरायचं व्हतं."

सगळेच राव म्हणायला शिकलेत.

"न्हाईत," मी म्हणाले. "आन् येनारबी न्हाईत. टँकर बोलवा."

"बरं, ऱ्हाऊ द्या. दुसरं कुनी बगतो."

"बगा. कुठली वस्ती तुमची?"

"मोरगावच्या अलीकडची. का वो?"

"मी निगालेय," मी म्हणाले. "मी येऊस्तोवर झाकन उगडू नका. उगडलं, तर आदी तुमी उतरायचं."